पत्र्याखालचं कपाट: चार बाटल्या आणि एक ऑक्सिजन

ठिकाण लातूर जिल्ह्यातलं एक वरिष्ठ महाविद्यालय. मे महिना, परीक्षा आटोपलेल्या, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून डेड स्टॉक रजिस्टर उघडलेलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे दहा बाय आठची स्टोअर रूम आहे. वर पत्रा, पश्चिमेला एक झरोका. दुपारी तीनला आतला थर्मामीटर ४३ अंश दाखवतो. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली बऱ्याच दिवसांनी सापडते आणि खालच्या फळीवर चार बाटल्या निघतात.

प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, कुठलं एक कॉलेज डोळ्यांसमोर नाही. पण यातली प्रत्येक बाटली परभणीत, बीडमध्ये, जालन्यात, कुठेही निघू शकते.

पहिली बाटली अर्ध्या लिटरची, पांढऱ्या काचेची, प्लास्टिकच्या आट्याच्या झाकणाची. चिकटपट्टीवर निळ्या पेनानं लिहिलेलं: ‘ईथर, रिकव्हर्ड’, म्हणजे वापरून परत मिळवलेलं डायएथिल ईथर. तारीख नाही. आत साधारण २०० मिलिलिटर स्वच्छ द्रव. दुसरी टेट्राहायड्रोफ्युरानची, म्हणजे टीएचएफची, तपकिरी, कंपनीच्या लेबलसकट. तिसरी अडीच लिटरची तपकिरी बाटली, डायआयसोप्रोपिल ईथरची, एका औषध कंपनीनं कॉलेजला भेट दिलेल्या सामानातली. ती एक तृतीयांश भरलेली आहे, झाकण घट्ट बसलेलं आणि गळ्याशी आतून काहीतरी पांढरं. चौथी रुंद तोंडाची बरणी, रॉकेलमध्ये बुडवलेले पोटॅशियमचे तुकडे, त्यांवर पिवळट-नारिंगी खपली.

प्रयोगशाळेतले मामा तिसऱ्या बाटलीकडे हात नेतात. “सर, झाकण निघंना झालंय, गरम पाण्यात धरू का?”

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. अडकलेलं झाकण गरम पाण्यानं सैल करणं ही रोजची युक्ती, आणि या बाटलीच्या बाबतीत त्याहून वाईट युक्ती सुचणं अवघड. हे पांढरे कण म्हणजे पेरॉक्साइड, ईथरमध्ये हवेमुळे तयार होणारा स्फोटक पदार्थ, आणि ते झाकणाच्या आट्यांतही असू शकतात. झाकण फिरवलं की काच आणि प्लास्टिकमध्ये ते रगडले जातात, आणि या कणांच्या स्फोटाला तेवढा रगडा पुरतो.

आधी काय केलं ते. कोणीही बाटली उचलली नाही, कलती केली नाही, ‘किती जड आहे’ हे पाहिलं नाही. कपाटाचं दार जसं होतं तसं ठेवलं, कारण लोखंडी दार आपटलं तर फळी हादरते. एक्झॉस्ट पंखा बंद होता तो बंदच राहू दिला. ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पटीहून जड असते, जमिनीलगत साचते आणि बटणाच्या ठिणगीनं पेटते. डायएथिल ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेटू शकते ते किमान तापमान, उणे ४५ अंश आहे, म्हणजे मराठवाड्यात त्याला ऋतू लागत नाही. खोलीला कुलूप लावलं, शेजारची प्रयोगशाळा रिकामी केली, मेन स्विच बाहेर व्हरांड्यात होता तिथून वीज तोडली. उरलेली पाहणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दारातूनच, एलईडी बॅटरीच्या उजेडात.

रात्रीतून नाना सल्ले येतात. कोणी म्हणतं फ्रिजमध्ये ठेवा. घरगुती फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी पडते आणि वाफ बंद पेटीत साचते, शिवाय गार द्रवात पेरॉक्साइड कमी विरघळतो आणि स्फटिक लवकर पडतात. कोणी म्हणतं बेसिनमध्ये ओतून नळ सोडा. डायएथिल ईथर पाण्यावर तरंगतं, ड्रेनेजमधून वाफ पुढच्या खोलीत निघते. कोणी म्हणतं मागच्या शेतात नेऊन दगड मारू. हा सल्ला देणारा बाटली शेतापर्यंत कोण नेणार ते सांगत नाही.

आता या बाटल्यांत नेमकं झालं काय?

चारही ठिकाणी गुन्हेगार एकच, हवेतला ऑक्सिजन. गंमत अशी की हा ऑक्सिजन तसा सुस्त आहे. त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे, दोन वेगवेगळ्या कक्षकांत, एकाच दिशेच्या फिरकीचे. म्हणूनच द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लटकून राहतो. साध्या सेंद्रिय रेणूंमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं असतात. जोडीवाल्याशी एकेकट्याचं सहज जुळत नाही, फिरकीचा हिशोब आडवा येतो. नाहीतर आपण, कापूस, तूर आणि लाकडी पलंग सगळंच खोलीच्या तापमानाला जळून गेलं असतं. पण समोर एकेकटा इलेक्ट्रॉन असलेला मुक्त मूलक आला की हा अडसर उरत नाही. ऑक्सिजन त्याला इतक्या वेगानं चिकटतो की दोघं भेटायचाच काय तो वेळ लागतो.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली पहिला सेंद्रिय मुक्त मूलक ओळखला तो याच खुणेवरून. ट्रायफेनिलमेथिलचं पिवळं द्रावण हवेत हलवलं की रंग जातो आणि पांढरा घन खाली बसतो. तो घन म्हणजे पेरॉक्साइड. आपल्या तिसऱ्या बाटलीच्या गळ्याशी जे दिसतंय ते याच जातकुळीतलं.

ईथरमध्ये पहिला मूलक येतो कुठून? ऑक्सिजन अणूच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन जरा सैल धरलेला असतो. साध्या हायड्रोकार्बनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४१० किलोज्यूलच्या आसपास लागतात, ईथरमध्ये या जागी ३९०च्या आसपास. शेजारच्या ऑक्सिजनवरची मोकळी जोडी नव्या मूलकाला आधार देते म्हणून. उजेड, ऊष्णता, काचेवरचा धातूचा एखादा कण, यांपैकी काहीही हायड्रोजन सोडवून मूलक तयार करतं. मूलकाला ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्सी मूलक होतो. हा मूलक शेजारच्या ईथर रेणूचा हायड्रोजन ओढतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन बसतो आणि मागे नवा मूलक सोडतो. साखळी सुरू.

साखळीतली पहिली उडी क्षणात होते, दुसरी मात्र रखडत चालते. पेरॉक्सी मूलक बराच काळ ताटकळत असतो, आणि इथेच इनहिबिटरला, म्हणजे साखळी रोखायला घातलेल्या पदार्थाला, वाव मिळतो. बीएचटी नावाचं फिनॉल स्वतःचा हायड्रोजन ईथरपेक्षा सहज देऊन टाकतं. एक बीएचटी रेणू साधारण दोन पेरॉक्सी मूलक गप्प करतो आणि संपतो. ‘संपतो’ हा शब्द महत्त्वाचा. इनहिबिटर पेरॉक्साइड होणं पुढे ढकलतो, आधी झालेला पेरॉक्साइड काढून टाकत नाही.

तयार झालेल्या रेणूचा कमकुवतपणा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधात असतो. दोन्ही अणूंवर मोकळ्या जोड्या, त्या एकमेकींना ढकलतात, बंध लांबतो. ऑक्सिजनच्या साध्या रेणूत अणूंमधलं अंतर १.२१ अँगस्ट्रॉम आणि बंध तोडायला ४९८ किलोज्यूल. पेरॉक्साइडमध्ये अंतर १.४७च्या घरात आणि बंध १५० ते २१० किलोज्यूलमध्ये सुटतो, शेजारी काय बसलंय त्यावर. तो सुटला की तुकडे भक्कम बंधांच्या रेणूंमध्ये रचले जातात, कार्बोनिल, पाणी, कार्बन डायऑक्साइड, आणि फरकाची ऊर्जा एकदम बाहेर पडते. जळणारा कार्बन आणि जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत असल्यामुळे बाहेरच्या हवेचीही वाट पाहावी लागत नाही.

या सगळ्याला मराठवाड्याच्या उन्हाळ्याची जोड द्या. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं. ४३ अंशांच्या खोलीत झाकणाच्या आत वातावरणाहून जास्त दाब असतो, वाफ आट्यांतून निसटते. पहाटे खोली २८ अंशांवर येते, आतली वाफ आकसते आणि बाटली ताजी हवा आत ओढते. मार्च ते जून बाटली रोज अशी श्वास घेते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट, म्हणून थंड हवेच्या ठिकाणच्या पुस्तकातली ‘सहा महिने’ वगैरे मुदत इथे जशीच्या तशी धरू नये.

पहिली बाटली घेऊ. ‘रिकव्हर्ड’ हा शब्द इथे धोक्याची घंटा आहे. सोयाबीनचं तेल काढायला सॉक्सलेटमध्ये, म्हणजे सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या उपकरणात, वापरलेलं ईथर उकळून परत मिळवलेलं. पैसे वाचले, पण बीएचटी उकळून वर येत नाही, ते तेलासोबत फ्लास्कमध्येच राहिलं. परत आलेलं ईथर नागडं. त्यात बाटली पांढऱ्या काचेची, उजेडाला मोकळी.

तारीख नसलेली बाटली उघडायची नाही हा नियम. इथे अपवाद केला तो एका नोंदीमुळे: एमएस्सीच्या विद्यार्थिनीच्या वहीत हे ईथर फेब्रुवारीत परत मिळवल्याचं होतं. वय तीन महिने कळलं, पातळी वहीतल्या आकड्याशी जुळली, म्हणजे आटलेलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात तळाशी तेलकट थर नाही, धागे नाहीत, झाकणाच्या कडेला खपली नाही. तरीही कोणी ‘उघडू नका’ म्हटलं असतं तर वाद घालण्यासारखं नव्हतं.

काम सकाळी सातच्या आत. रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ टबात, पाणी घालून, बाटली हळू त्यात. अर्धा तास. तोंडावर फेस शील्ड, हातात जाड मोजे, समोर फ्यूम हुडची, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाची, काच खाली. मग झाकण सैल.

परीक्षा अशी: एका परीक्षानळीत ताजं १०० मिलिग्राम पोटॅशियम आयोडाइड १ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये, त्यात १ मिलिलिटर ईथर. पेरॉक्साइड आयोडाइडचं आयोडीन करतो आणि रंग येतो. फिकट पिवळा म्हणजे थोडा पेरॉक्साइड, गर्द पिवळा किंवा तपकिरी म्हणजे हात आखडता घ्यायचा. शेजारी ईथर न घातलेली दुसरी नळी, म्हणजे ब्लँक, हवीच. हवेनंही आयोडाइड पिवळं पडतं, विशेषतः आम्लात आणि उन्हाळ्यात, आणि ब्लँक न ठेवणारे दर मे महिन्यात चांगलं ईथर फेकतात. पेरॉक्साइड मोजायची तयार पट्टी वापरायची तर ती ईथरमध्ये सेकंदभर बुडवून ईथर उडू द्यायचं आणि मग पाण्याचा एक थेंब द्यायचा. थेंब विसरला तर पट्टी कोरडी पांढरी राहते आणि सगळं आलबेल वाटतं.

या बाटलीत नळी स्पष्ट पिवळी, पट्टी लिटरला ५० मिलिग्राम. चाचणीच्या रूढ मर्यादांप्रमाणे २५च्या खाली वापरायला हरकत नाही, २५ ते १०० मध्ये उकळणं-आटवणं बंद, १००च्या वर थेट विल्हेवाट. आटवण्याची भीती आकड्यानं समजते. पट्टी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या भाषेत बोलते, त्याचा रेणुभार ३४. ईथरमधल्या हायड्रोपेरॉक्साइडचा रेणुभार १०६. म्हणजे पट्टीवरचे ५० खरे १५६ मिलिग्राम. २०० मिलिलिटरमध्ये ३१ मिलिग्राम. ईथर उडून १ मिलिलिटर उरलं, आणि हायड्रोपेरॉक्साइड ईथरइतक्या सहज उडत नाही, तर तेच वजनानं चार टक्क्यांच्या वर जातं. पुढे तोच रेणू एकमेकांना जोडला जाऊन चिकट, अस्फटिकी पेरॉक्साइड बनतो, फ्लास्कच्या तळाशी डिंकासारखा. डिस्टिलेशन संपत येताना अपघात होतात ते यामुळे, सुरुवातीला नाही.

हे ईथर फेरस सल्फेटनं धुतलं. साठ्याचं द्रावण: ६० ग्राम फेरस सल्फेटचे हिरवे स्फटिक, ११० मिलिलिटर पाणी, ६ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, अर्थात ॲसिड पाण्यात. यातलं १० ते २० मिलिलिटर १०० मिलिलिटर पाण्यात पातळ करून लिटरभर ईथरला पुरतं. सेपरेटिंग फनेल बर्फात गार केलेलं, प्रत्येक दोन-तीन हिसक्यांनंतर तोटी उघडून दाब सोडायचा, नाहीतर उन्हाळ्यात बूच उडतं. कपाटातले स्फटिक वरून पिवळट-तपकिरी झालेले होते, ते घेतले नाहीत: ते फेरिक झालेलं लोखंड, पेरॉक्साइडला देण्यासाठी त्याच्याकडे इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. धुतल्यावर पुन्हा आयोडाइड, या वेळी नळी ब्लँकसारखी. तरी हे ईथर परत कपाटात गेलं नाही, टाकाऊ सॉल्व्हंटच्या ड्रममध्ये गेलं.

टीएचएफची बाटली त्यामानानं सज्जन निघाली. लेबलवर बीएचटी, उघडल्याची तारीख, आटे कोरडे, पट्टीवर जेमतेम रंग. उघडून वर्ष उलटलेलं म्हणून तीही ड्रमच्या वाटेनं.

तिसरी. डायआयसोप्रोपिल ईथरच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना असा कार्बन आहे ज्यावर एकच हायड्रोजन आणि दोन मेथिल. मूलक झाला की तो तिथे चांगलाच टिकतो, म्हणून पेरॉक्साइड बनण्याच्या शर्यतीत हे ईथर सगळ्यांच्या पुढे. त्याला आटण्याचीही गरज नसते. स्फटिक द्रवातूनच पडतात, कधी न उघडलेल्या बाटलीतही. रूढ वर्गवारीत ते ‘तीन महिने’वाल्या गटात येतं, डायएथिल ईथर आणि टीएचएफ ‘बारा महिने’वाल्या गटात.

इथे आयोडाइडची परीक्षा उपयोगाची नाही, आणि हे पुस्तकात वाचूनही विसरलं जातं. एक तर बाटली उघडायचीच नाही. दुसरं, या स्फटिकांत अॅसिटोनचे वलयाकार पेरॉक्साइड असू शकतात, ते आयोडाइडला आणि फेरस सल्फेटला नीट दाद देत नाहीत. नळी बिनरंगी राहील आणि स्फटिक तसेच राहतील. बॅटरीच्या उजेडात गळ्याशी आणि तळाशी सुयांसारखे कण दिसले, तिथे रसायनशास्त्राच्या विभागाचं काम संपलं. प्राचार्यांनी पोलीस ठाण्यात लेखी कळवलं, ठाण्यामार्फत जिल्ह्याच्या बॉम्बशोधक-नाशक पथकाला. पत्रात हवं ते एवढंच: पदार्थाचं नाव, अंदाजे प्रमाण, स्फटिक दिसतात हे, बाटली कुठल्या फळीवर, शेजारी काय, खोलीचा नकाशा. ‘जुनं केमिकल आहे, घेऊन जावे’ असं लिहिलं की पत्र भंगाराच्या फायलीत जातं. पथक येईपर्यंत खोलीला कुलूप, मागचा व्हरांडा दोरीनं बंद.

पोटॅशियमचं थोडक्यात. सोडियमवरची पांढरी-करडी खपली म्हणजे बहुतेक हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट, ती चाकूनं सोलतात. ती सवय पोटॅशियमला लावू नये. पोटॅशियमवरचा पिवळट-नारिंगी थर सुपरऑक्साइडचा असतो: ऑक्सिजनच्या रेणूवर एक जादा इलेक्ट्रॉन. एकाच तुकड्यात तीव्र ऑक्सिडीकारक, त्याखाली ताजा धातू आणि भोवती रॉकेल. चाकू लावला की हे तिन्ही एकमेकांत दाबले जातात. बरणी उघडली नाही, तिसऱ्या बाटलीच्या पत्रातच तिचा उल्लेख केला. ड्रम मात्र घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे. २०१६च्या नियमांप्रमाणे असा कचरा आवारात सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’ चालत नाही.

मागे वळून पाहिलं तर चुका रसायनाच्या नाहीत, व्यवहाराच्या आहेत. भेट आलेलं सामान नाकारायचं धाडस कोणाला नसतं, आणि अडीच लिटर डायआयसोप्रोपिल ईथर पदवीच्या कुठल्या प्रयोगाला लागतं हेही कोणी विचारलं नाही. आता लेबलवर तीन तारखा लिहितात: आली, उघडली, तपासली. ईथरवर्गातलं काहीही शंभर-दीडशे मिलिलिटरच्या मापानं मागवतात, भाव जास्त पडला तरी. डेड स्टॉक रजिस्टरला ‘विल्हेवाट’चा रकाना जोडला.

राहिलं सोयाबीन. विद्यार्थिनीनं याच परत मिळवलेल्या ईथरनं पुढचे नमुने काढले होते: ५ ग्राम पेंड, १५० मिलिलिटर ईथर, मग फ्लास्क १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत. वर काढलेल्या हिशोबानं १५० मिलिलिटरमध्ये २३ मिलिग्राम पेरॉक्साइड. तो सगळा फ्लास्कमध्ये राहिला असं धरलं तर तेलाचा आकडा ०.४७ टक्क्यांनी फुगतो, आणि ओव्हनमध्ये तापत होतं ते निव्वळ तेल नव्हतं. नमुने पुन्हा काढायचे ठरले, पेट्रोलियम ईथर वापरून. नावात ईथर असलं तरी ते निव्वळ हायड्रोकार्बन, रेणूत ऑक्सिजनच नाही. सोबत एक रिकामा थिंबल (सॉक्सलेटमध्ये नमुना ठेवायची नळी), तितकंच सॉल्व्हंट, तितकेच तास. ब्लँक फ्लास्कचं वजन आधी वहीत चढवायचं आणि मगच सोयाबीनचं.